बंदरावर तापलेली गाठ

सुगी सरून कापसाच्या ढिगांवर तट्टे चढले की आमच्या सिरसाळ्यात भेटेल तो भेटेल त्याला एकच विचारायचा, "जाज लागलं का?" विचारणाऱ्यानं जन्मात नदीपलीकडचं पाणी पाहिलेलं नसायचं आणि उत्तर देणाऱ्यानंही. पण जहाज मुंबईच्या बंदरात धक्क्याला लागलं की व्यापाऱ्याची तार आंब्याला यायची. सरकारी कागदावर त्या गावाचं नाव मोमिनाबाद, आम्ही मात्र आंबंच म्हणायचो. तिथून तार घेऊन माणूस घोड्यावरून आमच्या कापसाच्या प्रेसच्या फाटकात यायचा. मग इंजिन पेटायचं, सरकी काढलेल्या कापसाच्या गाठी दाबल्या जायच्या, गाड्या लातूरच्या स्टेशनाकडं निघायच्या. जहाज उशिरा आलं तर सगळंच अडायचं. समोरच्या आळीतली एक सोयरीक जहाजापायी दोनदा पुढं गेली, तेव्हा नवरी मुलगी वैतागून म्हणाली होती, "मला त्या जाजालाच देऊन टाका."

येताना तेच बंदर आम्हाला रॉकेलचे डबे, काडेपेट्या, सुया आणि तलम धोतरजोड्या धाडायचं. ज्या रानात माझ्या आज्यानं ज्वारी घेतली त्या रानात आता कापूस होता, कारण खोल पाण्याकाठी बसलेल्या कुणाला तरी कापूस हवा होता. गाव त्या बंदरावर जगायचं आणि त्याच्यावर तिळमात्र विश्वास ठेवायचं नाही. इथून जड निघालेली गाठ तिथं हलकी कशी भरते? करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर निजामाचा शिपाई गाठीत सळई खुपसतो, तो नक्की काय शोधतो? धोतर त्यांनी आमच्याच कापसाचं विणलं असेल, तर ते आम्हाला एवढं महाग का? पारावर बसून लोक असे प्रश्न चघळायचे आणि शेवटी कुणीतरी म्हणायचं, "म्हैस पान्यात अन् मोल भायेर." म्हण जुनीच, पण आमच्या गावात ती रोजच्या उपयोगाची होती.

पुढे खूप वर्षांनी नातवानं मला ते बंदर दाखवायला नेलं. दगडी भिंतीला टेकून एवढं थोरलं जहाज उभं होतं आणि यारीनं त्याच्या पोटात पोती उतरत होती. नातू काहीबाही समजावून सांगत होता. माझं लक्ष नव्हतं. मला वाटत होतं, हे माझ्या सगुणा आत्याला बघायला मिळायला हवं होतं.

आबा, म्हणजे माझे वडील, त्या प्रेसचे कारभारी. मालक मुंबईत राहायचा; आम्ही त्याला कधी पाहिलं नाही. आवारातच पत्र्याच्या दोन खोल्या आम्हाला दिलेल्या होत्या. इंजिनाची धाप, दाब उतरतानाचं करकरणं आणि भोंगा, यांच्यावर आमच्या घराचं उठणं-बसणं चालायचं. भोंगा झाला की माय भाकरी थापायला घ्यायची. कापसाचा तूस सगळीकडं असायचा, केसांत, गोधडीत, जवसाच्या चटणीत. अंबाडीच्या भाजीतून धागा निघाला तर तो काढून पुढं खायचं, बोलायचं नाही. पाहुणे आले की ते बोलायचे आणि मग माय दिवसभर धुसफुसायची.

माय तशी कष्टाळू, पण संशयी होती. गुळाच्या ढेपेवर ती नखानं खूण करून ठेवायची. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तिनं पेटीत कुलपात ठेवलेल्या असायच्या आणि किल्ली गळ्यात. घरात खाणारे आम्ही चौघंच, आबा, माय, मी आणि सगुणा आत्या. तेव्हा हे कुलूप कुणासाठी होतं हे सगळ्यांना कळत होतं. आत्या आबांची धाकटी बहीण. सोळाव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आली आणि राहिली. आमच्यात विधवेचा पाट लावायची चाल नव्हती, म्हणजे आमच्यापेक्षा गरीब घरांतून ती होती आणि म्हणून आमच्यात नव्हती. माझ्या जन्मानंतर माय वर्षभर अंथरुणाला खिळली, तेव्हा मला वाढवलं ते आत्यानं. हेही मायला पुढं कायम सलत राहिलं. मी आत्याच्या कुशीत झोपले की माय विचारायची, "काय सांगत हुती गं तुला? माझंच काय काय सांगत आसंल."

माझं लग्न लहानपणीच लागलेलं होतं. आता चौदावं सरत आलं होतं आणि हंगाम संपला की मला नांदायला धाडायचं ठरलं होतं. मायनं माझी ओटी भरायला पाच सवाष्णी आत्तापासूनच नेमून ठेवल्या होत्या. आत्या त्यांत असणार नव्हती. तसं कुणी बोलून दाखवायची गरजही नव्हती. ओटी सवाष्णीनं भरायची असते, एवढं लहान पोरालाही माहीत असतं. ज्या दिवशी मी जाणार त्या दिवशी आत्या मागच्या खोलीत बसणार आणि मी उंबरा ओलांडल्यावर बाहेर येणार. ती माझं फराळाचं दळण दळायची, माझ्या चोळ्या शिवायची, आणि या विषयावर एक शब्द काढायची नाही.

प्रेसचं इंजिन सांभाळायला मालकानं कोकणातला एक माणूस धाडला होता. नाव दामू, पण सगळे त्याला तांडेल म्हणायचे, कारण त्याचा बाप होडीवरचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता. हा स्वतः बरीच वर्षं बंदरावर आणि आगबोटीच्या बॉयलरवर राबून आलेला. गावाला तो सुरुवातीपासूनच खुपत होता. त्याच्या बोलण्याचा हेल वेगळा, आणि गाडीवानांच्या हाती तो सुके बोंबील मागवायचा. चुलीवर बोंबील भाजले की अख्खं आवार नाक दाबायचं. त्यातून तो त्या बंदराकडून आलेला, तेव्हा तो तिकडचा हेर आहे, इथल्या गोष्टी तिकडं कळवतो, असं लोकांनी ठरवूनच टाकलं होतं. आम्हा बायका-पोरींना मात्र त्याच्या गोष्टी आवडायच्या. आत्या दळता दळता दारातून ऐकायची.

"तिथं पाणी किती खोल असतं?" मी एकदा विचारलं.

"तुमचा आड किती खोल?"

"लई. दहा पुरुस तर आसंल."

"नाय गो पोरी, तिथलं पाणी तेवढं खोल नाय. पण आडात उभा राहील एक माणूस. तिथं त्याहून कमी पाण्यात अख्खं जहाज उभं राहतं, भिंतीला अंग लावून. आमच्या खाडीत मोठी बोट येत नाय, दुरून होडक्यातून माल न्यावा लागतो. पाणी खोल असेल तिथंच जग येतं."

याच तांडेलानं हंगामाच्या सुरुवातीला सगळ्या गड्यांना गोळा करून बजावलं होतं की इंजिन पुसलेला तेलकट बोळा कापसाजवळ न्यायचा नाही. "तेल लागलेला कापूस गाठीत दाबला, तर तो आपला आपण तापतो. बाहेरून काय दिसत नाय. महिन्याभरानं आतून धूर. नि तो धूर जहाजाच्या पोटात निघाला तर खाली समुद्र नि वर आग, माणसानं पळायचं कुठं?" गडी एकमेकांकडं पाहून हसले. आपोआप पेटणारा कापूस! कोकण्याच्या बाता, म्हणाले.

आमच्याकडं सगळ्याची ओटी भरतात. आडाची भरतात, पोटरीला आलेल्या ज्वारीची भरतात, नव्या गाडीचीसुद्धा भरतात. तशी हंगामातल्या पहिल्या गाठीचीही भरायची. लोखंडी पट्ट्या आवळून गाठ बाहेर आली की माय तिला हळदकुंकू लावायची, वर खण, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी, खारीक ठेवायची आणि म्हणायची, "सुखानं जा, लांब जा." गाठ म्हणजे सासरी निघालेली लेक, असा त्यातला भाव. मग ते खोबरं काढून काम करणाऱ्या बायकांत वाटायचं. त्या वर्षीही तसंच झालं, आणि तसंच आत्याला तेवढा वेळ घरात थांबायला सांगितलं. सांगितलं म्हणजे मायनं नुसतं तिच्याकडं बघितलं.

पण गाठ दाबली जाण्याआधीची एक गोष्ट मायला माहीत नव्हती. त्या सकाळी अर्धा हौद भरला होता. हौद म्हणजे जमिनीतली लाकडी पेटी. तिच्यात कापूस टाकून गडी पायानं तुडवायचे आणि मग वरून दाब यायचा. दुपारचा भोंगा झाला, माणसं भाकरीला पांगली. आत्या कापसातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, निवडणाऱ्या बायकांवर देखरेख करायची, म्हणून तिचं तिथं असणं कुणाला खटकलं नाही. तिनं मला खुणेनं बोलावलं आणि म्हणाली, "मंजे, दारात हुबी ऱ्हा. कुनी आलं तर खोक."

तिच्या पदराखाली एक पुरचुंडी होती. माझ्याच चोळीतून उरलेला हिरवा तुकडा, त्यात खोबऱ्याची वाटी, हळकुंड, दोन खारका. खोबरं तिनं कुठून आणलं ते मी विचारलं नाही, किल्ली तर मायच्या गळ्यात होती. (नंतर कळलं, कवडी निवडणाऱ्या एका बाईकडून तिनं ते आपल्या वाट्याच्या भाकरीबदल्यात घेतलं होतं.) ती हौदात उतरली, पुरचुंडी मध्यावर ठेवली, ओंजळीनं तिच्यावर कापूस लोटला आणि पुटपुटली, "सुखानं जा गं बाई. लांब जा. हितं कुनी तुला बघाया येत न्हाई." मग वर येऊन माझ्याकडं बघून ती हसली. तसं हसताना मी तिला पुन्हा पाहिलं नाही. तेलाचं, आगीचं तांडेलानं सांगितलेलं आम्ही दोघींनी ऐकलं होतं. पण तेल म्हणजे घाण्याचं किंवा इंजिनाचं, आणि खोबरं म्हणजे ओटीचं. दाबाखाली चिरडलं की खोबऱ्याचंही तेलच होतं, हे आमच्या डोक्यात आलं नाही. आमच्या गावात ते कुणाच्याच डोक्यात आलं नसतं.

महिना-सव्वा महिन्यानं बंदरावरचा माणूस आला. मालकाच्या वतीनं धक्क्यावर गाठी पारखून जहाजात चढवायचं काम तो करायचा. बंद गळ्याचा कोट, धुळीनं माखलेले बूट. बरोबर आंब्याहून पोलिसांचा अमीन आणि दोन शिपाई. दिवसा अकराला इंजिन बंद झालं, तेव्हाच मायच्या हातातली परात निसटली, कारण हंगामात इंजिन असं बंद होत नसतं. आवारात सगळी माणसं गोळा केली. बायका भिंतीकडेला. बंदरवाल्यानं रुमालात बांधलेला काळा गोळा सोडून आबांच्या पुढं ठेवला. त्यानं सांगितलं, आमच्या छापाची एक गाठ जहाजात उतरवताना हमालाच्या पाठीला चटका बसला. फोडली तर आत निखारा. जहाजाच्या पोटात ती चार दिवस आणखी राहिली असती, तर खाली हजार गाठी होत्या आणि माणसं होती. "आता या छापाची एकही गाठ बंदरात घेत नाहीत," तो म्हणाला. "कुणी केलं ते कळेपर्यंत घेणार नाहीत."

त्या गोळ्यात जळकं खोबरं होतं, एवढंच ओळखू येत होतं. बाकी सगळा कोळसा. आत्या माझ्या शेजारी उभी होती. तिचा श्वास मला ऐकू आला.

"खोबऱ्याचं तेल हाय ह्यात," आबा हळूच म्हणाले.

"तेलानं कापूस पेटतो हे इथं कुणाला माहीत होतं?" बंदरवाल्यानं विचारलं.

सगळे तांडेलाकडं बघायला लागले. गेले सहा महिने गावाला जे म्हणायचं होतं त्याला आता वाट सापडली. एक जण म्हणाला, ह्यानंच सांगितलं होतं कसं पेटवायचं ते. दुसरा म्हणाला, रजा दिली न्हाई म्हणून कारभाऱ्यावर डूख धरून हुता. तिसऱ्यानं बोंबलाचं काढलं, त्याचा इथं काय संबंध ते देव जाणे. तांडेल एवढंच म्हणाला, "मला पेटवायचं असतं तर मी तुम्हाला आधी सांगितलं कशाला असतं?"

"होशियार चोर पहले शोर मचाता है," अमीन म्हणाला आणि शिपायानं तांडेलाच्या हातात बेडी घातली.

तेव्हा आत्या भिंतीपासून सुटून पुढं गेली. पुरुषांच्या घोळक्यात ती डोक्यावरचा पदर सावरत उभी राहिली आणि म्हणाली, "त्येला सोडा. गाठीत खोबरं म्या ठिवलं. वटी भरली म्या गाठीची."

 मला वाटलं, झालं, संपलं. खरं सांगितलं की संपतं, असं मला चौदाव्या वर्षापर्यंत वाटत होतं. मग गर्दीतून एक जण हसला. "रांडमुंड बाई वटी भरती व्हय? कवा आइकलंय का?" दुसरा त्याहून हळू, पण ऐकू जाईल असं म्हणाला, "त्येला वाचिवतीया. कावून वाचिवती ते इचारा की." दारात बसून दळता दळता ती त्याच्या गोष्टी ऐकायची, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. एका क्षणात त्याचा अर्थ बदलला. आबांचा चेहरा मी पाहिला. त्यांना आग लागल्याचं एवढं वाटलं नव्हतं.

"सगुणे, घरात हो," ते म्हणाले.

"दादा, खरं सांगतीया. मंजीला इचारा. दारात हुबी हुती ती."

अमीन माझ्याकडं वळला. "बोल बेटी. देखा तूने?"

मी पाहिलं होतं. ओढ्याचं पाणी दिसावं तसं स्वच्छ पाहिलं होतं. पण आबा माझ्याकडं बघत होते, आणि माझी नांदायला जायची गोष्ट ठरलेली होती, आणि माझ्या सासरचा एक गाडीवान त्या गर्दीत उभा होता. मी हो म्हणाले नाही आणि नाही म्हणाले नाही. मान खाली घालून अंगठ्यानं माती उकरत राहिले. माझं वय लहान होतं असं लोक आजही मला समजावतात. मी भित्री होते. वय त्याला कारण नव्हतं.

आणि मग माय बोलली. "वन्संनी न्हाई, म्या भरली वटी." गळ्यातली किल्ली तिनं वर काढून दाखवली. "खोबरं माज्या कुलपात आसतं. वरून ठिवलेलं बायका खाऊन टाकत्यात, गाठीसंगं काय जात न्हाई, म्हून औंदा आतून भरली. वन्सं मला झाकाया म्हून आपल्या अंगावर घेत्यात."

खोटं होतं ते सगळं, आणि सगळ्यांनी एका घोटात गिळलं. सवाष्ण बाई, कारभाऱ्याची बायको, दरवर्षी ओटी भरणारी. बंदरवाला कपाळाला हात लावून हसला. बायकांचा अडाणीपणा, त्यानं कागदावर लिहिलं; छाप बंदीतून सुटला, पुन्हा प्रेसमध्ये हौदाजवळ बाई दिसता कामा नये एवढी अट घालून. बेडी निघाली. तांडेलानं हात चोळले आणि तो सरळ इंजिनाकडं गेला. हंगाम संपल्यावर तो गेला तो परत आला नाही, आणि गेल्यावरही लोकांनी त्याचं आणि आत्याचं नाव जोडणं सोडलं नाही.

मायनं ते का केलं, हे मी आयुष्यभर उलटसुलट करून पाहिलं आहे. नणंदेची अब्रू वाचवायला? घराचं नाव राहावं म्हणून? की माझं नांदणं मोडू नये म्हणून? तिला मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ती म्हणाली असती, तुला कुनी शिकविलं हे इचाराया? या घराची मी लेक आहे; चांगल्या कामातही मला आधी खोट दिसते.

दिवस मावळायच्या आत जेवणाची ताटं मांडली. आबा न जेवता गावात निघून गेले. माय चुलीपुढं, मी ताटावर, आत्या उंबऱ्याशी. माय म्हणाली, "बसा की वन्सं. झालं गेलं."

आत्या उंबऱ्यावरून हलली नाही. मग म्हणाली, "वयनी, जल्मात येकच वटी भरली म्या. ती बी तुमीच घेतली व्हय?"

"घेतली न्हाई वन्सं. झाकली."

"झाकायला ते काय पाप हुतं?"

 मायनं तव्यावरची भाकरी उलटली, आणि मग उगाच पुन्हा उलटली. दोघींपैकी कुणीतरी माझ्याकडं बघेल, मला काही म्हणेल, म्हणून मी वाट पाहत होते. शिवी दिली असती तरी मला बरं वाटलं असतं. आत्या उठली, भाकरी घेऊन आली, नेहमीसारखी कडा मोडून माझ्या ताटात वाढली, वर चटणी घातली. आणि मी ती खाल्ली.